'पुअर फेलो माय कंट्री' वाचायला घेताय? मग हातात पेन्सिल ठेवा

१४६३ पानं आहेत या कादंबरीला. रोज वीस पानं नेमानं वाचली तरी अडीच महिने जातात, त्यामुळे सुट्टीत उरकून टाकू असा विचार असेल तर तो आत्ताच सोडा आणि पावसाळाभर पुरेल असं पुस्तक म्हणून हातात घ्या. झेवियर हर्बर्ट नावाच्या ऑस्ट्रेलियन लेखकानं लिहिलंय, १९७५ ला आलं आणि त्याच वर्षीचं माइल्स फ्रँकलिन अवॉर्ड म्हणजे तिथलं कादंबरीचं सगळ्यात मानाचं बक्षीस त्याला मिळालं. गोष्ट घडते ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, नॉर्दर्न टेरिटरीत, १९३६ पासून १९४२ मध्ये जपानी बॉम्ब पडेपर्यंत. जेरेमी डिलेसी नावाचा एक हट्टी म्हातारा गोरा, त्याच्या मुलाला आदिवासी बाईपासून झालेला नातू प्रिंडी, आणि बॉबविरिडिरिडी नावाचा एक भगत, या तिघांभोवती ती फिरते.

मी पहिल्यांदा साधारण दीडशे पानांवर सोडली होती. दुसऱ्या वेळी पूर्ण केली, माझी मावसबहीण अ‍ॅडलेडला असते तिच्यासोबत, दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर बोलत बोलत. पहिल्यांदा का सुटली ते आता कळतं. "दुसऱ्या महायुद्धातली कादंबरी" असं कुणीतरी सांगितलं होतं म्हणून मी युद्धाची वाट बघत बसले, आणि युद्ध तर शेवटच्या भागात येतं. ही कादंबरी युद्धाची वाट बघत वाचायची नाहीच, एकच प्रश्न धरून वाचायची, की हा मुलूख कुणाचा आहे, आणि युद्ध आल्यावर त्या प्रश्नाचं उत्तर कोण काय देतं ते बघायचं.

आता पेन्सिलीचं सांगते, कारण माझ्या मते मराठी वाचकाच्या हातात इथे इंग्रजी वाचकापेक्षा जास्त चांगलं हत्यार आहे. नावात 'कंट्री' आहे. हा शब्द पुस्तकभर येतो, गोरे वापरतात, काळे वापरतात, आणि इंग्रजीत तो दिसायला एकच. पण गोरा मंत्री किंवा गोरा पोलीस 'माय कंट्री' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं देश, म्हणजे झेंडा, सरकार, नकाशावरची रेघ. आणि आदिवासी माणूस 'माय कंट्री' म्हणतो तेव्हा त्याला म्हणायचं असतं मुलूख. अमुक नदीचं वळण, तमुक डोह, त्या डोहात राहणारा पूर्वज, तिथली गाणी, तिथले नियम, आणि तिथे जन्मलेली माणसं. आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत ना, मग वापरा. शब्द आला की समासात बारीक पेन्सिलीनं 'दे' किंवा 'मु' लिहायचं. सुरुवातीला हा चाळा वाटेल. दोनशे पानांनंतर लक्षात येतं की कोण माणूस कधी 'दे' वरून 'मु' वर सरकतो आणि कधी परत मागे येतो, आणि जेरेमीच्या बाबतीत तर अख्खी कादंबरी त्या सरकण्याचीच आहे. काही ठिकाणी ठरवताच येत नाही, तिथे मी प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि शेवटी रविवारच्या गप्पा त्या प्रश्नचिन्हांवरच जास्त झाल्या.

नावातलं 'पुअर फेलो' पण असंच आहे. तिथल्या आदिवासी इंग्रजीत हे 'गरीब माणूस' नसतं, जवळच्या कुणाविषयी मनात कालवलं की निघणारा शब्द असतो तो, आपण "बिचारं गं माझं पोर" म्हणतो तसा. म्हणजे नाव मराठीत मनातल्या मनात "बिचारा गं माझा मुलूख" असं वाचा. मी असं वाचायला लागले तेव्हा त्या जाड पुस्तकाचा सूरच बदलला.

वाचायला बसण्याआधी एक संध्याकाळ थोडा इतिहास वाचून घ्या. भरपूर नको, पण एवढं हवंच. १९१८ च्या कायद्यानं नॉर्दर्न टेरिटरीतल्या प्रत्येक आदिवासी मुलाचा आणि मिश्र रक्ताच्या मुलाचा कायदेशीर पालक होता चीफ प्रोटेक्टर नावाचा सरकारी अधिकारी, आई जिवंत असली तरी. हे वाक्य दोनदा वाचा. आई समोर उभी आहे, पोराचा हात धरून, आणि पालक दुसराच कुणी आहे जो शेकडो मैलांवर ऑफिसात बसलाय. त्यातही ज्यांचा रंग उजळ ती पोरं आधी न्यायची, कारण त्यांना 'गोरं' करता येईल असा हिशोब. म्हणून आया पोरांच्या अंगाला कोळसा आणि चरबी फासून त्यांना काळं करायच्या, पोलिसांचे घोडे दिसले की. या मुलांना आज स्टोलन जनरेशन्स, म्हणजे चोरलेल्या पिढ्या म्हणतात, १९९७ ला सरकारी चौकशीचा मोठा अहवाल आला आणि १३ फेब्रुवारी २००८ ला पंतप्रधान केविन रड यांनी संसदेत माफी मागितली. प्रिंडी नेमका तसला मुलगा आहे, उजळ कातडीचा आणि सोनेरी केसांचा, म्हणजे सरकारच्या नजरेत पहिला पकडायचा. त्यामुळे पुस्तकात कुठेही पोलीस आला की तुमच्या पोटात गोळा यायला हवा, आणि तो यावा यासाठी हे आधी माहीत असायला हवं.

लेखकाचं पण थोडं माहीत असू द्या. हर्बर्ट १९३५-३६ मध्ये काही महिने डार्विनच्या, म्हणजे नॉर्दर्न टेरिटरीच्या राजधानीतल्या, काहलिन कंपाउंडचा प्रभारी अधीक्षक होता, म्हणजे जिथे आदिवासींना ठेवत तिथेच, त्या व्यवस्थेच्या आत बसून त्यानं ती बघितली. युद्धात तो उत्तरेकडच्या टेहळणी तुकडीत होता. ऐकीव माहितीवर लिहिणारा माणूस नाही हा. पण गोरा आहे, आणि त्यावर मी पुढे बोलणार आहे.

शब्दांची एक फसगत आधीच टाळा. 'स्टेशन' वाचलं की आपल्या डोळ्यासमोर प्लॅटफॉर्म आणि चहावाला येतो. इथे स्टेशन म्हणजे गुरांचं, हजारो चौरस किलोमीटरची एकेक जागा, मालक लंडनमध्ये आणि कामाला आदिवासी, बहुतेकदा पीठ, साखर, चहा, तंबाखू एवढ्यावर. पुस्तकात रेल्वेपण आहे, त्यामुळे गोंधळ होतोच. दुसरं, ऋतू दोनच, वेट आणि ड्राय. वेट आला की रस्ते बंद, नद्या दुथडी, माणसं अडकतात, भांडतात, सत्य बोलतात. आपल्या कोकणातल्या माणसाला हे समजवायला नको. प्रकरण कुठल्या ऋतूत चाललंय ते बघून ठेवलं की माणसं अशी का वागतायत ते अर्धं कळतं.

आता शिव्यांचं. या पुस्तकात आदिवासींसाठी, त्यांच्या बायकांसाठी, चिनी, जपानी, ज्यू लोकांसाठी असे शब्द पानोपानी आहेत की वाचताना कान तापतात. ते शब्द त्या काळात तिथे खरंच रोज बोलले जायचे आणि लेखकानं झाकलेले नाहीत. माझी पद्धत अशी होती की डोळ्यांनी वाचायचे, तोंडानं म्हणायचे नाहीत, आणि कॉलवर बोलताना तर नाहीच. आपल्याकडे जातीवाचक शिव्या जशा एखाद्या दलित लेखकाच्या आत्मकथनात छापलेल्या असतात आणि आपण त्या वाचतो पण उच्चारत नाही, तसंच. आणि एका शब्दापाशी जरा थांबा, 'हाफ-कास्ट'. यातला कास्ट आपलाच आहे. पोर्तुगीज लोकांनी इथे येऊन जातीला 'कास्ता' म्हटलं, इंग्रजांनी तो उचलला, हिंदुस्थानातच मिश्र वंशाच्या माणसांना 'हाफ-कास्ट' म्हणायला लागले आणि मग तो शब्द साम्राज्यभर फिरला, फिरत फिरत डार्विनच्या सरकारी फायलीत गेला. प्रिंडीच्या कपाळावर जो शिक्का आहे तो आपल्या किनाऱ्यावर घडलाय. हे कळल्यावर मला ते पुस्तक लांबच्या देशाचं वाटेनासं झालं. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणात ठेवलेल्या, जन्मानंच गुन्हेगार ठरवलेल्या कुटुंबांबद्दल ज्यांनी घरात ऐकलंय त्यांना तर अजिबातच लांबचं वाटणार नाही.

भाषा हा या पुस्तकाचा सगळ्यात अवघड आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग. आदिवासी पात्रं पिजिनमध्ये, म्हणजे गोऱ्यांशी बोलता बोलता इंग्रजी शब्दांवर उभ्या राहिलेल्या बोलीत बोलतात, आणि लेखकानं ते जसं कानावर पडतं तसं लिहिलंय, स्पेलिंगसकट. डोळ्यांनी वाचलं तर काहीही कळत नाही. मोठ्यानं वाचा. खरंच, दार लावून घ्या आणि मोठ्यानं वाचा. दोन-तीन गोष्टी माहीत असल्या की उलगडतं. 'बिन' आलं की भूतकाळ, "ही बिन गो" म्हणजे तो गेला. 'लोंगा' म्हणजे -ला, -त, -पाशी, सगळ्या विभक्त्या त्या एका शब्दात, "लोंगा रिव्हर" म्हणजे नदीपाशी किंवा नदीत, बाकी संदर्भावरून. क्रियापदाला 'इम' चिकटलं की समोर कर्म आहे, "किलिम", "लुकिम". 'टकर' म्हणजे जेवण. 'हमबग' म्हणजे मागे लागणं, त्रास देणं. 'गॅमन' म्हणजे खोटंखोटं, नाटक. आणि 'चिकी' हा शब्द मला फार आवडला, कारण आपण चिकी म्हटलं की आगाऊ समजतो, तिथे चिकी साप म्हणजे विषारी साप आणि चिकी माणूस म्हणजे ज्याच्या वाटेला जाऊ नये असा. पन्नास पानं मोठ्यानं वाचली की कान बसतो, मग परत गुपचूप वाचता येतं. आणि एक सांगते, याला मोडकं इंग्रजी समजू नका. त्याला स्वतःचं व्याकरण आहे, आणि ज्या माणसाला आधीच तीन-चार आदिवासी भाषा येतात तो ही पाचवी बोलत असतो, समोरच्या गोऱ्याला मात्र एकच येत असते. मोठ्यानं वाचताना हे लक्षात ठेवलं की पात्राचा मान आपोआप राखला जातो.

वही करा. माणसं खूप आहेत आणि एकाला दोन-दोन तीन-तीन नावं आहेत, जेरेमीलाच गोरे 'स्क्रब बुल' म्हणतात, म्हणजे कळप सोडून रानात एकटा राहणारा वळू, आणि आदिवासी 'मुल्लका' म्हणतात. मी शाळेच्या वहीला ब्राऊन पेपर घालून एकेका पानावर एकेक माणूस लिहिला होता आणि खाली तो कुणाचा कोण. नातं लिहिणं महत्त्वाचं आहे, कारण या प्रदेशात कुणाचं कुणाशी रक्ताचं नातं आहे हे सगळ्यांना माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. प्रिंडीचा बाप जेरेमीचाच मुलगा मार्टिन, हे उघड गुपित आहे. मार्टिनला विचारा, तो कधी नाव घेणार नाही.

जेरेमी भाषणं करतो. पानंच्या पानं. ऑस्ट्रेलिया इंग्लंडच्या पायाशी कसा लोळतोय, गोऱ्यांनी जमीन चोरली आणि मग तिच्यावर प्रेमही करता आलं नाही, अशा विषयांवर. पहिली दोन भाषणं पूर्ण वाचा, कारण त्यात त्याचा राग कुठून येतो ते आहे. नंतरची चाळली तरी चालतील, मी चाळली, पण चाळताना एक गोष्ट बघत जा, खोलीत आदिवासी कोण आहे आणि तो काय करतोय. बहुतेक वेळा कुणीतरी चहा आणून ठेवत असतं. जेरेमी त्यांच्या बाजूनं बोलतोय आणि त्यांना कुणी विचारत नाहीये. हे लेखकानं मुद्दाम केलंय का, यावर आमचं दोघींचं शेवटपर्यंत जमलं नाही, ती म्हणायची मुद्दाम, मी म्हणायचे त्याच्याही लक्षात आलं नसावं.

याच्या उलट, जिथे प्रिंडी आणि म्हातारा भगत एकत्र आहेत तिथे अजिबात घाई नको. पुस्तक सुरूच होतं पाण्याकाठी मासे धरत बसलेल्या प्रिंडीपासून आणि तिथे म्हातारा येतो. ही पानं एका बैठकीत दोनदा वाचा. त्सामाला म्हणजे इंद्रधनुष्य-नाग, कूनापिपी म्हणजे धरणीमाता, हे शब्द आले की "अच्छा, लोककथा" असं म्हणून पुढे जाऊ नका. म्हाताऱ्यासाठी तो कायदा आहे, १९१८ च्या कायद्याइतकाच बांधून घालणारा आणि त्याच्यापेक्षा कितीतरी जुना. पोरावर दोन कायदे एकाच वेळी हक्क सांगतायत, सरकारचा आणि नागाचा, आणि आजोबा तिसराच, जो दोन्हींच्या मधे उभा आहे. प्रिंडीला संगीत फार कळतं, तो ऐकून शिकतो, पक्ष्याचं, पावसाचं, रेल्वेचं, आणि स्वतःची वाट तो गाण्यातून शोधतो. शेवट सांगणार नाही. फक्त एवढंच, की त्या शेवटासाठी ही सुरुवातीची पानं अंगात मुरलेली असावी लागतात.

मग येते रिफ्का, जर्मनीतून पळालेली ज्यू मुलगी. इथे परत जरा इतिहास जोडून घ्या म्हणजे ती पानं दुप्पट बोलतात. १९३९ मध्ये स्टाइनबर्ग नावाचा ज्यू नेता खरोखरच ऑस्ट्रेलियात आला होता, वायव्येकडच्या किंबर्ली भागात निर्वासितांची वसाहत करू द्या म्हणून, आणि १९४४ ला सरकारनं नाही म्हटलं. त्या सगळ्या वाटाघाटीत किंबर्लीच्या आदिवासींना कुणी विचारलं का, हा प्रश्न वहीत लिहून ठेवा. आणि दुसरी घटना, माझ्या तर डोळ्यांत पाणी येतं. ६ डिसेंबर १९३८ ला मेलबर्नमध्ये विल्यम कूपर नावाचे यॉर्टा यॉर्टा समाजाचे म्हातारे गृहस्थ आपल्या लोकांना घेऊन जर्मन कॉन्सुलेटवर गेले, महिन्याभरापूर्वी जर्मनीत ज्यूंवर जे हल्ले झाले होते त्यांचा निषेध करायला. कॉन्सुलेटनं निवेदन घेतलं नाही. या माणसाचा मुलगा पहिल्या महायुद्धात १९१७ ला बेल्जियममध्ये ऑस्ट्रेलियासाठी मारला गेला होता, आणि त्याच ऑस्ट्रेलियात त्यांना स्वतःला पुरे नागरी हक्क नव्हते. ज्याचा स्वतःचा मुलूख गेलाय तो दुसऱ्याच्या गेलेल्या घरासाठी दार ठोठावतोय. रिफ्का आणि प्रिंडी एकमेकांना का धरून राहतात ते मला कूपर वाचल्यावर कळलं.

याच भागात जेरेमी 'ऑस्ट्रेलिया आधी' म्हणणाऱ्या राष्ट्रवादी लोकांच्या जवळ जातो, आणि काही वाचकांना इथे तो नकोसा होतो. सोडू नका. खऱ्या इतिहासातही ऑस्ट्रेलिया फर्स्ट मूव्हमेंट नावाचं प्रकरण होतं, १९४१ चं, त्यात ज्यूद्वेष भरपूर होता आणि मार्च १९४२ मध्ये त्याच्या पुढाऱ्यांना सरकारनं अटकेत टाकलं. त्यांचा मुख्य माणूस स्टीफनसन, आणि यानंच १९३८ मध्ये आदिवासींच्या हक्काच्या चळवळीला छपाईपासून मदत केली होती. एकाच माणसात हे दोन्ही. जेरेमीच्या पानांवर मी इथे सगळ्यात जास्त प्रश्नचिन्हं टाकली, कारण 'माझी माती' म्हणत म्हणत माणूस मुलखाकडून देशाकडे आणि देशाकडून द्वेषाकडे कसा घसरू शकतो ते लेखकानं अगदी जवळून दाखवलंय.

आणि मग युद्ध. तिसऱ्या भागाचं नावच 'डे ऑफ शेम' आहे, लाजेचा दिवस. तो सुरू करण्याआधी १९ फेब्रुवारी १९४२ ची हकीगत वाचून घ्या. सकाळी ९:३५ ला बाथर्स्ट बेटावरच्या मिशनमधून फादर मॅकग्रा यांनी रेडिओवर कळवलं की विमानांचा मोठा ताफा डोक्यावरून गेलाय. डार्विनमध्ये भोंगा वाजला ९:५८ ला, तेव्हा बॉम्ब पडत होते. पहिल्या हल्ल्यात १८८ विमानं, दुपारी दुसऱ्यात ५४. किमान २३५ माणसं गेली, बंदरात आठ जहाजं बुडाली. आणि त्यानंतर शहरातले शेकडो गोरे, त्यात वर्दीतले पण होते, मिळेल त्या वाहनानं दक्षिणेकडे पळाले, मागे दुकानं आणि घरं लुटली गेली. हर्बर्टचा राग त्या पळण्यावर आहे. दीडशे वर्षं जे म्हणत होते हा आमचा देश, ते पहिल्या बॉम्बला पळाले.

पुस्तकातली ही पानं वेगानं जातात, एका रात्रीत वाचून होतील. मी म्हणेन मधे थांबा, एक दिवस पुस्तक बाजूला ठेवा, आणि त्याच वेळी खरे आदिवासी कुठे होते ते शोधून वाचा, कारण कादंबरीत ते पुरेसं नाही. त्याच दिवशी मेल्व्हिल बेटावर एक जपानी झिरो विमान पडलं, त्याच्या वैमानिकाला पकडलं मथायस उलुंगुरा या तिवी, म्हणजे तिथल्याच बेटांवरच्या आदिवासी माणसानं, हातात फक्त एक टोमाहॉक म्हणजे छोटी कुऱ्हाड, ऑस्ट्रेलियाच्या भूमीवर पकडलेला तो पहिला जपानी युद्धकैदी. महिन्याभरानं २२ मार्चला कॅथरीन गावावर बॉम्ब पडले, मेला एकच माणूस, तो आदिवासी होता. क्रोकर बेटावरच्या मिशनमध्ये आयांपासून तोडून ठेवलेली ९५ मुलं होती, त्यांना एप्रिलमध्ये होडी, ट्रक, रेल्वे आणि पायी असं करत ४४ दिवसांत सिडनीजवळ नेलं, म्हणजे आईपासून एकदा तोडलेली पोरं मुलखापासून अजून हजारो किलोमीटर लांब गेली. टॉरेस स्ट्रेट, म्हणजे ऑस्ट्रेलिया आणि न्यू गिनीमधली सामुद्रधुनी, तिथल्या बेटांवरचे ८०० हून जास्त पुरुष फौजेत भरती झाले, पगार गोऱ्या सैनिकाच्या एक तृतीयांश, १९४३ सरताना त्यांनी काम थांबवलं तेव्हा तो दोन तृतीयांश झाला, उरलेले पैसे १९८६ मध्ये मान्य झाले.

आणि नॉर्दर्न टेरिटरीच्या ईशान्य टोकाला, आर्नहेम लँडमध्ये राहणारे योल्ङु आदिवासी. १९३२ मध्ये त्यांच्या किनाऱ्यावर आलेल्या पाच जपानी मच्छीमारांना त्यांनी मारलं, म्हणून त्यांच्यातल्या काहींना डार्विनच्या तुरुंगात टाकलं. डोनाल्ड थॉमसन नावाचा मानववंशशास्त्रज्ञ १९३५ ला त्यांना समजवायला गेला, की जपान्यांना मारायचं नाही. सहा वर्षांनी तोच थॉमसन सैन्याच्या वर्दीत परत आला आणि म्हणाला, जपानी दिसले तर मारा. पन्नास जण तयार झाले, भाले घेऊन, किनारा राखायला, त्यांत ते तुरुंगात गेलेलेही होते. पगार नाही, रीतसर भरती नाही, तंबाखू आणि मासेमारीचं सामान. पैसे आणि पदकं १९९२ ला. आता पेन्सिल घ्या आणि सांगा, ते पन्नास जण राखत होते ते 'दे' का 'मु'? माझ्या वहीत त्या पानावर ठळक 'मु' आहे, आणि मग परत कादंबरी उघडली तेव्हा डार्विनमधून पळणारे गोरे मला वेगळेच दिसले. त्यांच्याकडे राखायला मुलूख नव्हता, देश होता, आणि देश ट्रकमध्ये घालून दक्षिणेला नेता येतो.

लेखक गोरा आहे, हे मी मघाशी म्हटलं होतं. ते विसरून वाचू नका आणि त्यावरून पुस्तक फेकूनही देऊ नका. भगताच्या डोक्यात शिरून त्यानं जे लिहिलंय त्यातलं बरंचसं बाहेरून बघितलेलं आहे, पवित्र आणि गुप्त गोष्टी त्यानं कादंबरीसाठी मोकळेपणानं वापरल्यात आणि त्याला कुणी परवानगी दिली होती का हा प्रश्न रास्त आहे. बायका तर त्याला फारशा कळलेल्याच नाहीत. प्रिंडीची आई नेल्येरी, जिचं पोर अख्ख्या पुस्तकभर ओढलं जातंय, तिच्या मनात काय चाललंय याला त्यानं जेरेमीच्या एका भाषणाइतकीही जागा दिली नाही असं मला वाटत राहिलं, आणि याचा मला खरंच राग आहे. म्हणून नेल्येरीसाठी वहीत एक पान मोकळं ठेवा. जिथे ती खोलीत आहे आणि बोलत नाही, तिथे ती काय बघत असेल ते आपल्या शब्दांत दोन ओळी लिहा. माझं ते पान पुस्तक संपेपर्यंत पुढच्या चार पानांवर गेलं.

एकट्यानं वाचू नका, हे शेवटचं. एक माणूस पुरे, पण हवा. रविवारी ठरलेल्या वेळी, आठवड्याची पानं झाली असोत नसोत, बोलायचंच. आमचं निम्मं बोलणं पुस्तकाबाहेरचं व्हायचं, बहीण तिच्या ऑफिसात मीटिंगच्या सुरुवातीला "आम्ही कौर्णा लोकांच्या भूमीवर जमलो आहोत" असं म्हणतात (कौर्णा म्हणजे अ‍ॅडलेडचे मूळ आदिवासी) ते सांगायची आणि मग आम्ही दोघी विचार करत बसायचो की ते म्हणणारा माणूस तेव्हा कुठला शब्द वापरतोय.

पुस्तक संपलं की लगेच मिटू नका. ते आलं १९७५ ला. त्यात लॉर्ड वेझी नावाचा लंडनचा गुरांचा मालक आहे, तो ज्याच्यावरून घेतलाय त्या व्हेस्टी घराण्याच्या वेव्ह हिल स्टेशनवरून ऑगस्ट १९६६ मध्ये व्हिन्सेंट लिंगियारी आणि त्यांचे गुरिंजी लोक काम टाकून चालत निघाले होते, आधी पगारासाठी आणि मग उघडच जमिनीसाठी, आणि नऊ वर्षं हटले नाहीत. १६ ऑगस्ट १९७५ ला पंतप्रधान व्हिटलम तिथे गेले आणि त्यांनी लिंगियारींच्या हातात लाल माती ओतली. मर्व्हिन बिशप या आदिवासी फोटोग्राफरनं काढलेला तो फोटो सहज मिळेल. उंच गोरा माणूस सुटात, समोर म्हातारा तळहात पसरून, आणि मधे हवेत पडणारी माती. तो फोटो पुस्तकाच्या शेवटच्या पानावर ठेवा, मग पहिलं पान परत उघडा, पाण्याकाठी गळ टाकून बसलेला पोरगा जिथे आहे ते, आणि तिथल्या पेन्सिलीच्या खुणा एकदा तपासा. माझ्या पहिल्या वीस पानांतल्या सहा खुणा मला खोडून बदलायला लागल्या.